ओलं आहे, थांबा

दुपारी झोपणाऱ्या बायकांचा उज्ज्वलाला आयुष्यभर राग आला, आणि गेले दोन महिने ती स्वतःच रोज दुपारी झोपते आहे. जेवण झालं की ताट विसळायचं, खोलीत यायचं, दार लोटायचं आणि पलंगावर आडवं व्हायचं. झोप काही लगेच येत नाही. आधी राग येतो. डोक्यावर पंखा गरगरत असतो, त्याचाही राग येतो. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षं पंखा नव्हता. एप्रिल-मे महिन्यात तिथं माणूस उकडून निघायचा, पण रणधीरनं पंखा काही लावू दिला नाही. आता रणधीर नाही, शेडला कुलूप आहे, आणि इथं ही वाऱ्याखाली आरामात पडली आहे.

रणधीर इंगवले म्हणजे तिचा नवरा. कोल्हापुरात दोघांचा टी-शर्ट छापायचा लहानसा धंदा होता, नाव ‘अंगभर’. कोरे शर्ट तिरुपूरहून आणायचे, त्यावर इथल्या बोलीतली वाक्यं आणि रणधीरनं हातानं काढलेली चित्रं छापायची आणि आपल्या नावानं विकायची. छापायचं काम रणधीरचं. बाकी सगळं उज्ज्वलाचं, म्हणजे मापं, घड्या, पार्सलं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. तिसरा माणूस कधी ठेवला नाही, कारण तिसऱ्याचा हात रणधीरला पसंत पडला नसता. तसा उज्ज्वलाचाही पडत नव्हता, पण तिला काढून टाकता येत नव्हतं.

छपाई जाळीवर चालायची. चौकटीत ताणून बसवलेली बारीक जाळी शर्टावर टेकवायची, तिच्यावर रंग घ्यायचा आणि रबरी पट्टीनं एका दमात ओढायचा, की खाली चित्र उठतं; चित्रात रंग जितके, तितके हात मारायचे. यात वाऱ्याचं मोठं वैर. वारा लागला की रंग जाळीतच सुकतो, भोकं बुजतात आणि पुढचे शर्ट वाया जातात. म्हणून पंखा नाही, खिडक्या बंद, आणि छपाई चालू असली की दारही बंद. दाराच्या कडीला रणधीर एक वाकडा छापला गेलेला शर्ट अडकवून ठेवायचा. त्यावर ठसठशीत अक्षरं होती: ओलं आहे, थांबा. तो शर्ट दिसला की दार उघडायचं नाही, हाक मारायची नाही, कडी वाजवायचीही नाही. वाजवलं की म्हणे हात हलतो.

धंदा नवा होता तेव्हा उज्ज्वला एकदा चहा घेऊन सरळ आत गेली होती. एका शाळेचे चाळीस शर्ट बाद झाले. रणधीर आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. घरात वावरत होता, समोर बसून जेवत होता, पण तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून ती शहाणी झाली.

इतकी शहाणी झाली की त्या मंगळवारी साडेबाराला ती त्याला जेवायला बोलवायला गेली, कडीचा शर्ट बघितला, उचललेला हात खाली घेतला आणि गुमान परत आली. सासूबाई म्हणजे आक्का म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ दे. तू जेवून घे.” तिनं जेवून घेतलं. सव्वा वाजता परत गेली, शर्ट होताच, परत आली. दोन वाजता पेठेतल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आपले शर्ट न्यायला आला. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यानं दार ढकललं. आतून कडीसुद्धा घातलेली नव्हती.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. किती वाजता, ते म्हणाले नाहीत. उज्ज्वलानं विचारलं तेव्हा “आता ते कशाला, ताई” एवढंच बोलून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. पण तिला तेवढं एकच पाहिजे आहे. साडेबाराला ती दाराबाहेर उभी होती तेव्हा आत रणधीर जिवंत होता की नव्हता? नव्हता, तर ती सुटली. होता, तर तिनं नुसतं दार ढकलायचं बाकी होतं, आणि ती घरात जाऊन जेवली. दोन महिने ती याच खनपटीला बसली आहे. सांगू शकणारा एकच माणूस, आणि तो असा.

पंखा गरगरतो. परसात आक्का शेंगा फोडत बसल्या आहेत, त्यांचा टचटच आवाज येतो, मग लांब जातो. उज्ज्वलाच्या पापण्या जड होतात.

“तो पंखा बंद कर,” कोणीतरी म्हणतं.

रणधीर पायथ्याशी बसला आहे. मांडीवर कोऱ्या शर्टांचा गठ्ठा आहे आणि तो एकेक शर्ट झटकून बघतो आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. आता चादरीला डाग पडणार, हे उज्ज्वलाच्या पहिल्यांदा मनात येतं. हा माणूस मेलेला आहे, हे त्यानंतर. मग डोक्यात तिडीक जाते.

“दोन महिन्यांनी आलाय, आणि पहिलं बोलणं पंख्याचं?”

“ही शिवण बघ. खांद्यावर दोरा सुटलाय. असला माल कुणी उचलला?”

“तुम्हीच उचलला. शेवटचा गठ्ठा तुम्हीच आणलेला.”

“मी न्हाई असला आणायचा.”

“आणलाय. तुमची चूक तुम्हाला कवा दिसलीय?”

तो मान वर करत नाही. शर्ट उजेडाकडे धरतो, ओढून बघतो, बाजूला टाकतो. बाजूला शर्टांची रास वाढत जाते आणि पलंग लांब होत जातो. बघता बघता तो छपाईचं टेबल झाला आहे, आणि टेबलाचं दुसरं टोक काही दिसत नाही. उज्ज्वला कडेकडेनं चालते आहे. टेबल कधी संपतं ते कळत नाही, पण ती आता तिरुपूरच्या लॉजचा जिना चढते आहे. बारा वर्षांपूर्वी पहिला माल आणायला दोघं गेले होते तोच जिना. तिच्या डोक्यावर गठ्ठा आहे आणि रणधीर पुढं मोकळ्या हातानं.

“एक तरी घ्या की हातात,” ती म्हणते.

“हात रंगाचे हायत.”

“तुमचे हात जन्मभर रंगाचेच. उचलायची पाळी आली की रंगाचे.”

वरून अकरा माणसं उतरत येतात. फुटबॉल संघच तो. सगळ्यांच्या अंगात ते शर्ट, त्या दिवशी टेबलावर राहिलेले. निळा, लाल, पांढरा छापून झालेला आहे. छातीवरच्या वाघाला पट्टे आहेत, डोळे आहेत, पण अंगाचा पिवळा नाही. माणसं बाजूनं जाताना खाली बघतात. गोलकीपर सगळ्यांत शेवटी येतो, तोही थांबत नाही.

“पिवळा राहिला,” रणधीर त्यांच्या पाठीकडे बघत म्हणतो. त्याचा चेहरा पार उतरला आहे.

“तसेच नेले त्यांनी. तसेच घालून खेळले.”

“हरले असतील.”

“हरले.”

“मग.”

हे ‘मग’ तो असं म्हणतो, जणू पिवळा असता तर दोन गोल जास्त झाले असते. उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड होतो. बायको विधवा झाली, आई हाय खाऊन बसली, आणि या माणसाला दुःख कशाचं आहे, तर वाघाचं. जिवंतपणी तरी निराळं काय होतं? हिला ताप आलेला त्याला तिसऱ्या दिवशी कळायचा, पण शर्टावरची रेघ केसभर सरकली तर जेवण जायचं नाही. लोक म्हणायचे, कलाकार आहे हो तुमचा माणूस. लोकांचं काय जातं म्हणायला. कलाकाराचं जेवण तीन-तीनदा गरम कोण करत होतं?

ती गठ्ठा जिन्यावर टाकून देते. गठ्ठा खाली गडगडत जातो आणि पाण्यात पडल्याचा आवाज येतो.

जिना घाटाच्या पायऱ्यांना जाऊन मिळाला आहे. खाली पंचगंगा आहे आणि काठावर त्या मंगळवारी संध्याकाळी आलेली सगळी माणसं उभी आहेत. चुलते आहेत, मेहुणे आहेत, कागदाच्या खोक्यांचा पुरवठा करणारे मुजावर चाचा आहेत, कॉलनीतली माणसं आहेत. सगळ्यांच्या अंगात एकसारखे शर्ट. सगळ्यांच्या छातीवर तीच अक्षरं, ओलं आहे, थांबा. आणि सगळे थांबले आहेत.  रणधीर त्यांच्यातून हिंडतो आहे, कुणाची कॉलर सरळ करतो, कुणाच्या छातीवरच्या अक्षरावर बोट टेकवून वाळलं का ते बघतो. ज्याच्यासाठी माणसं जमली, तो त्यांचे शर्ट तपासत फिरतो आहे.

उज्ज्वला त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

“साडेबाराला तुम्ही होता का नव्हता?”

“बाजूला हो. ह्याचा मजकूर तिरका आलाय.”

“साडेबाराला मी दारात आले होते. तुम्ही होता का नव्हता?”

“उजे, माणसं बघालीत.”

“बघू देत.” तिचा आवाज चढतो, आणि जे वीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून कधी आलं नाही ते आता येतं. “रणधीर, तू होतास का नव्हतास?”

तो वळून बघतो. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघतो. “एकदम अरे-तुरे?”

“उत्तर दे.”

“मला काय ठाऊक?”

“तुला ठाऊक नसंल तर कुणाला?”

“आगं, तू झोपलीयस,” तो शांतपणे सांगतो, रंगात पाणी किती घालायचं ते सांगावं तसं. “तुझ्या झोपंत मी आलोय. जे तुला माहीत न्हाई, ते मला कुठनं माहीत असणार?”

तिला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटते. मेल्यावरसुद्धा याचंच बरोबर. मेल्यावरसुद्धा समजावणारा हाच, आणि हिनं मान डोलवायची. दोन महिने जी गोष्ट विचारायला ती जीव टाकत होती, तिची त्यानं एका वाक्यात वासलात लावली.

“मग आलास कशाला?”

“पिवळा राहिलाय.”

“पिवळा गेला खड्ड्यात. ऐकतोस? पिवळा खड्ड्यात, तुझी जाळी खड्ड्यात, तुझा वाघ खड्ड्यात. रंगाला वारा लागू नये म्हणून खिडक्या मारून घेतलास. माणसाला नको व्हता काय वारा? त्या भट्टीत बारा वर्षं बसलास. छातीत दुखतंय म्हणून दिवाळीत बोललास, डॉक्टरकडं जाऊया म्हणाले तर म्हणे ऑर्डर संपू दे. संपली ऑर्डर?”

तो हाताचा पिवळा रंग शर्टाला पुसायला जातो आणि थांबतो. अंगात चांगला शर्ट आहे.

“चाळीस शर्टांपायी आठ दिवस बोलला नव्हतास माझ्याशी,” ती म्हणते. “आठ दिवस. मी भिंतीशी बोलत होते. त्या दिवसापासून मला त्या दाराचं भ्या बसलं. माझ्याच घरातल्या दाराचं. ते भ्या मला तू शिकवलंस.”

“व्हय,” रणधीर म्हणतो.

“व्हय काय नुसतं?”

“शिकवलं. आता न्हाई कसं म्हणू?”

तिनं इतक्या वर्षांत त्याला असं सरळ कबूल करताना पाहिलेलं नाही. बरं वाटायला हवं. वाटत नाही. भांडायला कंबर कसून उभं राहावं आणि समोरच्यानं आपली बाजूच सोडून द्यावी, म्हणजे हातातल्या रागाचं काय करायचं? तो तसाच हातात राहतो, तापलेला.

“दार उघडलं असतंस तर मी वरडलो असतो तुला,” तो म्हणतो.

“वरडला असतास.”

“महिनाभर बोललो नसतो.”

“चाललं असतं.”

“वर्षभर.”

“चाललं असतं म्हणते ना. जन्मात बोलला नसतास तरी चाललं असतं. फुगून बसला असतास समोर, ताटात भाकरी टाकली असती, मान खाली घालून खाल्ली असतीस. मला तेवढं बास होतं.”

ती रडत नाही.  काठावरची माणसं अजून थांबलेली आहेत, मुजावर चाचांच्या हातातलं खोकंसुद्धा तसंच अधांतरी आहे. पाणी वाहत नाही.

“बरं,” रणधीर म्हणतो. “चल, येतो मी. एक हात मारायचा राहिलाय.”

“कुठं निघालास?”

तो चालायला लागतो. घाटाच्या पायऱ्यांच्या वर परसातली लिंबोणी आहे, धुण्याचा दगड आहे, आणि पत्र्याची शेड. तो नेहमीसारखा दारात चपला काढतो, एक सरळ, एक उलटी. आत जातो. दार बंद होतं. आतून हात येत नाही, काही दिसत नाही, पण कडीला शर्ट लटकतो आहे. ओलं आहे, थांबा.

ऊन टळटळीत आहे. घरातून भाकरीचा वास येतो. आक्का आतून विचारतात, “आला का गं?” उज्ज्वलाला घड्याळ बघायची गरज नाही. साडेबारा वाजले आहेत.

आतून रबरी पट्टी ओढल्याचा आवाज येतो. एक लांब सर्र. मग दुसरी. मग तिसरी अर्ध्यावर थांबते.

ती वाट बघते. पुढचा अर्धा आवाज येईल म्हणून कान देऊन उभी राहते. येत नाही.

“ऱ्हाऊ दे,” आक्का म्हणतात. “तू जेवून घे.”

तिचा हात वर उचललेला आहे. बोटं वळलेली आहेत. त्या दिवशी हात इथंच थांबला होता, दारापासून वीतभर, आणि इथूनच खाली आला होता. आताही खांदा आपोआप सैल पडायला लागतो. बारा वर्षांची सवय आहे, ती काय झोपेत सुटते?

आणि मग ती मूठ हाणते.

पत्रा दणाणतो. ती दुसऱ्यांदा हाणते, तिसऱ्यांदा हाणते. कडीचा शर्ट उडून तिच्या तोंडावर येतो, तो ती ओरबाडून फेकते. “रणधीर,” ती ओरडते, “रणधीर, दार उघड.” हलू दे हात, सुकू दे रंग, बुजू दे सगळ्या जाळ्या. दोन्ही मुठींनी ती दारावर तुटून पडते. दार ढकललं तर उघडेल, आतून कडी नाही, हे तिला माहीत आहे. पण ढकलण्याएवढा धीर तिला नाही. तिला वाजवायचंच आहे. त्याला ऐकू जाईल असं, घाटावर उभ्या माणसांना ऐकू जाईल असं, शिव्या देत, घसा फाटेपर्यंत, आणि पत्रा वाजतो आहे, वाजतो आहे, आणि आतून कोणीतरी

“उज्ज्वला. आगं ए उज्ज्वला.”

ती पलंगावर गुडघे टेकून उभी आहे. समोर लोखंडी कपाट. डोक्यावर पंखा फिरतो आहे. दारात आक्का आहेत, पदराला शेंगांची टरफलं चिकटलेली, छाती धापेनं वरखाली होते आहे. परसातून त्या पळत आल्या आहेत. ज्या बाईला टीव्ही मोठा केल्याशिवाय ऐकू येत नाही, ती पळत आली आहे.

“काय वाजलं गं?” आक्का विचारतात. “गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं असंल. कोण होतं?”

उज्ज्वला आपल्या हाताकडे बघते. घसा बसला आहे, बोलली तरी आवाज निघणार नाही. उजव्या हाताच्या चारही पेरांची साल निघाली आहे आणि रक्त मनगटाकडे ओघळतं आहे. कपाटाच्या दारावर मधोमध पोचा पडला आहे, आमटीच्या वाटीएवढा, आणि पोच्याच्या तळाशी रंगाचा पोपडा उडून लोखंड दिसतं आहे.

आक्का तिचा हात धरायला पुढं होतात. ती हात देत नाही. ती पोच्यावर तळवा ठेवते. एवढ्या जाड पत्र्याला एवढा पोचा. तिच्या अंगात इतकी ताकद आहे, हे तिला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

तेवढीच त्या मंगळवारीही होती.